मागच्या दाराची किल्ली

(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ आणि पूल तपासणारा माणूस आहे. मंडळाने 'शाळेची सुरक्षा आणि कायदा' यावर बोलायला सांगितले, ते आज्ञा समजून उभा आहे.

22 मे 1997 ची रात्र इथल्या बहुतेकांना आठवत असेल. पहाटेचे चार वाजून वीस मिनिटे होऊन गेली होती. उन्हाळा म्हणून आम्ही गच्चीवर झोपलो होतो. जमीन गुरगुरली, गच्ची हलली आणि शेजारच्या जुन्या घराचा कठडा गल्लीत कोसळला. आई आम्हाला जिन्याकडे ओढत होती आणि जिन्यात काळोख. आपल्या सराफ्यातल्या गल्ल्या अशा, की खाली उतरूनही पळायचे कुठे? 5.8 तीव्रतेच्या त्या भूकंपात तीसहून अधिक माणसे गेली. रात्र होती आणि शाळांना सुट्टी होती, म्हणून वर्ग रिकामे होते. सकाळी अकरा वाजता हेच झाले असते तर? सुट्टीनंतर आमच्या शाळेच्या भेगांवर गिलावा करून चुना मारलेला दिसला. प्रश्न कोणीच विचारला नाही. मीही नाही.

त्याआधी 1993 साली किल्लारीकडची मंडळी अनंत चतुर्दशीला बाप्पांचे विसर्जन करून झोपली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. संकट तिथी-वार पाहून येत नाही.

आता कायद्याकडे वळतो. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपरापर्यंत गेली आणि 94 मुले दगावली. त्यानंतर अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2009 रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मान्यता देण्यापूर्वी इमारत राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे सुरक्षित असल्याची राज्याने खात्री करावी, अग्निशामक उपकरणे ठेवावीत, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, असे आदेश आहेत. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. 2016 साली राष्ट्रीय प्राधिकरणाने शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्राने 2006 मध्ये अग्निसुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. आपल्या मध्य प्रदेशात भूमी विकास नियम 2012 चे आहेत. म्हणजे कागदांची कमतरता नाही.

रेल्वेत नवी लाईन प्रवाशांसाठी खुली करायची तर संरक्षा आयुक्त स्वतः येऊन तपासतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात. आपण बांधलेले आपणच पास करायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व. दुसरे तत्त्व सरावाचे. हूटर वाजल्यावर अपघात मदत गाडी किती मिनिटांत निघाली, ते लिहून ठेवावे लागते. 'गाडी तयार आहे' एवढे लिहून चालत नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेत पालक सभेत मी आपत्ती आराखडा मागितला. फाईल लगेच आली, शिक्क्यासकट. नकाशात मागचे दार 'आपत्कालीन मार्ग' म्हणून दाखवले होते. म्हटले, चला, बघू या. दाराला कुलूप, पुढे मोडक्या बाकांचा ढीग. किल्ली शिपायाजवळ आणि शिपाई त्या दिवशी रजेवर! बाई ओशाळल्या. पण खरे सांगतो, त्यांच्यापेक्षा जास्त मी ओशाळलो. मुलगी सहा वर्षे त्या शाळेत जात होती, मला पगार तपासणीचाच मिळतो, आणि त्या दारापाशी मी एकदाही गेलो नव्हतो.

शाळेने मनावर घेतले. बाक हटले, कुलूप जाऊन आतून उघडणारी कडी आली. मग सराव झाला. वरच्या मजल्यावर घंटा ऐकूच गेली नाही. पायाला प्लास्टर असलेल्या एका मुलाला कोणी उतरवायचे, हेही ठरलेले नव्हते. या दोन गोष्टी फाईलमध्ये कुठेच नव्हत्या, सरावानेच त्या दाखवल्या. दुसऱ्या सरावाला दोन्हींची सोय झालेली होती.

म्हणून हात जोडून विनंती करतो. पुढच्या पालक सभेला गुणपत्रिका पाहून परत फिरू नका. मागच्या दारापर्यंत चालत जा. ते उघडून पाहा. शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला, किती मिनिटे लागली, ते विचारा. मैदानात मुलांची हजेरी कोण घेतो, तेही विचारा. भांडू नका, शिक्षकांच्या बरोबरीने उभे राहा. त्यांचाही जीव त्याच इमारतीत असतो. आणि सुरुवात आपल्यापासून करू या. या मंडपाचा दुसरा रस्ता आज खुर्च्यांनी अडला आहे, तो भाषण संपताच मोकळा करू. पहिली खुर्ची मी उचलतो.

गणपती बाप्पा मोरया!