जँगो की फ्लास्क? शिरवण्यातल्या चलनवहीची गोष्ट

पायथन शिकणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, 'दादा, जँगो शिकू की फ्लास्क?' मी माझाच घोळ सांगतो, मग तुम्ही ठरवा.

आमच्या शिरवण्यात, एमआयडीसीत, ओळखीच्या एका काकांचं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. डिलिव्हरी चलनं वहीत लिहायचे. म्हणाले, "मोबाईलवर शोधता येईल असं काहीतरी करून दे रे." मी फ्लास्क घेतलं. एक फाइल, शंभरेक ओळी, दोन संध्याकाळी काम फत्ते. फ्लास्क २०१० साली आर्मिन रोनाखरच्या एप्रिल फूलच्या गमतीतून जन्मलं, पण त्याचा सुटसुटीतपणा गंमत नाही.

मग मागण्या सुरू. स्टोअरवाल्याला वेगळं लॉगिन. सुपरवायझरने बघावं, पण खोडू नये. गाडी नंबरचा कॉलम वाढव. फ्लास्कमध्ये डेटाबेस, युजर, परवानग्या हे सगळं आपणच आणून जोडायचं. मी प्रत्येक रूटवर लॉगिनची तपासणी हाताने लावत गेलो आणि एका ठिकाणी विसरलो. नेमकी डिलीटवर! वर ती साधी लिंक. उघडली की नोंद गायब.

एका सकाळी काकांचा फोन. "अरे, मंगळवारची चलनं कुठायत? बिलं कशावर करू?" वही तर मीच बंद करायला लावलेली. बॅकअप तीन दिवस जुना. शेवटी गिऱ्हाइकांकडे फिरून सही-शिक्क्याच्या प्रतींचे फोटो काढले. खूप लाज वाटली हो.

तेव्हा जँगोकडे वळलो. ते २००३ मध्ये अमेरिकेत कॅन्ससच्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात सुरू झालं, २००५ ला सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांना रोज नोंदी भरायच्या असतात, म्हणून अ‍ॅडमिनचं पान तयारच मिळतं. प्रत्येक टेबलाला बघणे, भरणे, बदलणे, खोडणे अशा चार परवानग्या. सुपरवायझरला पहिलीवरच टिक केली, झालं. कॉलम वाढवायला मायग्रेशन आहेच. अर्थात, स्वतः लिहिलेल्या पानांवर तपासणी तिथेही आपणच लावायची, हे विसरू नका.

वजनकाट्याचं रीडिंग दाखवणारं पान मात्र अजून फ्लास्कवरच आहे. त्याला ना टेबल, ना युजर, आणि वर्कशॉपच्या वायफायबाहेर ते दिसतही नाही. तिथे जँगो म्हणजे कोपऱ्यावर जायला ट्रक काढणं.

काकांनी वही पुन्हा चालू केलीय. मी काही बोलत नाही.