झारींतील शुक्राचार्य
(नभोवाणीवरील भाषण)

बळिराजानें वामनाला दान देण्यासाठीं पाणी सोडावयास घेतलें, तेव्हां दैत्यगुरु शुक्राचार्य सूक्ष्म रूपानें झारीच्या तोटींत जाऊन बसले आणि पाणी अडलें, ही कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक; छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों आणि ही कथा मुलांना दरवर्षीं सांगत आलों. परंतु ती स्वतःच्या अनुभवास येईल, आणि तीहि लंडनजवळच्या एका घराच्या न्हाणीघरांत, असें मला कधीं वाटलें नव्हतें.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो चारचौघांत काढण्याची आपल्याकडे चाल नाहीं. दांत घासणें, अंग धुणें, केंस धुणें आणि शौच, हीं रोजचीं कृत्यें परमुलखांत गेल्यावर कशीं पार पाडावीं, हा तो विषय होय. ज्यांचीं मुलें परदेशीं स्थायिक झालीं आहेत आणि ज्यांना आज ना उद्यां तिकडे चार-सहा महिने राहावयास जाणें आहे, अशीं कुटुंबें आज शहरोशहरीं आहेत. त्यांच्यासाठींच हे चार शब्द.

२०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत सौभाग्यवतीसह मी मुलाकडे गेलों. निघण्यापूर्वीं आम्ही सामानाची यादी केली होती. उटणें, शिकेकाई, खोबरेल, लाल दंतमंजन, चंदनाचा साबण, सर्व कांहीं तींत होतें. तांब्या मात्र नव्हता. तांब्या काय, कोणत्याहि घरांत असावयाचाच, असें आम्ही गृहीत धरलें होतें.

मुलाचें घर नीटनेटकें होतें. न्हाणीघर पाहून मी प्रथम चकित झालों आणि मग चिंतेंत पडलों. तेथें जमिनीला मोरीच नाहीं. पाणी सांडलें, तर त्याला जावयास वाट नसते. तें फटींतून झिरपून खालच्या मजल्याच्या छतांत उतरतें. म्हणून बादलींतून तांब्यानें अंगावर पाणी घेण्याची सोय नाहीं. जें काय करावयाचें तें टबांत उभें राहून. शौचकूपाशेजारीं कागदाची गुंडाळी होती. पाण्याचें भांडें कोठेंच दिसेना. खिडकीच्या कट्ट्यावर एका नेच्याची कुंडी आणि तिच्याजवळ लांब तोटीची हिरवी झारी, एवढेंच काय तें होतें.

सुनेला विचारावें, तर जीभ रेटेना. मुलाला विचारावें, तर तो उजाडण्यापूर्वीं कामावर जाई. ज्यानें छत्तीस वर्षें आरोग्याचा तास घेतला, त्याला स्वतःच्या मुलाच्या घरीं एक भांडें मागतां येईना! कागदानें मनाचें समाधान होईना. मग लाजाळू माणूस जी वाट धरतो तीच मी धरली. जेवण निम्म्यावर आणलें आणि पाणी पिणें जवळजवळ सोडलें. मात्र रोज सकाळीं त्या हिरव्या झारीनें नेच्याला पाणी घालावयास मी एक दिवसहि चुकलों नाहीं. सुनेनें हौसेनें लावलेलें झाड वाळूं नये, हा त्यांत हेतु.

नवव्या दिवशीं पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. डॉक्टरांनीं तपासलें आणि विचारलें, “दिवसाला पाणी किती पितां?” माझें उत्तर ऐकून त्यांनीं माझ्याऐवजीं मुलाकडे पाहिलें. या वयांत पाणी असें तोडलें, तर मलावरोधावरच भागत नाहीं, मूत्रपिंडांवरहि ताण पडतो, असें त्यांनीं स्पष्ट बजावलें. परततांना मुलगा गाडींत एक अक्षर बोलला नाहीं.

घरीं आल्यावर सर्व उलगडा झाला. सुनेनें खोदून विचारलें, तेव्हां खालीं मान घालून मी खरें काय तें सांगितलें. ती क्षणभर पाहातच राहिली. “अहो बाबा, ती झारी त्याचसाठीं तर ठेवली होती! मला वाटलें, तुमच्या लक्षांत येईल. तोंडानें सांगायचा मलाच संकोच वाटला.” मग थोडें थांबून ती म्हणाली, “मी लग्न होऊन इकडे आलें, तेव्हां मीहि दोन महिने कुणाला विचारलें नव्हतें. शेवटीं शेजारच्या एका गुजराती बाईंनीं मला ही झारीची युक्ति दाखवली.” इतक्यांत सौभाग्यवतीनेंहि कबूल केलें कीं, ती पहिल्या दिवसापासून एक जुना चहाचा पेला पदराखालीं लपवून नेत होती, आणि हें तिनें मलाहि सांगितलें नव्हतें. एका घरांत तीन माणसांची अडचण एकच, आणि तिघांचींहि तोंडें बंद! नेच्याचीं मुळें मात्र अति पाण्यानें कुजून गेलीं होतीं.

श्रोतेहो, झारींत शुक्राचार्य बसला होता, आणि तो दुसरा कोणी नसून आमची लाज होती.

एकदां तोंड उघडल्यावर पुढील सर्व शोध सोपा झाला. मुलानें प्रथम शौचकूपाशेजारीं नळीचा फवारा बसविण्याचें मनांत आणलें. तेव्हां कळलें कीं, तेथें पाणीपुरवठ्याच्या जोडण्यांविषयीं १९९९ सालचे नियम आहेत, आणि अशा फवाऱ्यांतील दूषित पाणी उलटें शोषलें जाऊन पिण्याच्या पाण्यांत मिसळूं नये, यासाठीं खास व्यवस्था करावी लागते. म्हणजे जाणत्या नळकाऱ्यावांचून तें काम करूं नये. झारीला असा कोणताच नियम आड येत नाहीं.

दुसरी गोष्ट तेलाची. आम्ही नेलेलें खोबरेल पहिल्याच आठवड्यांत तुपासारखें थिजलें. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं गोठतें. बाटली कोमट पाण्यांत ठेवली कीं पुरे. तें संपल्यावर मी औषधांच्या दुकानांत केंसांचें तेल शोधीत हिंडलों आणि हात हालवीत परत आलों. सून म्हणाली, “बाबा, तें किराण्याच्या दुकानांत बघायचें.” खरोखरच वेंब्लीच्या ईलिंग रोडवरील दुकानांत तें खाण्याच्या तेलांच्या रांगेंत उभें होतें. उलट ऑलिव्हचें तेल, जें तिकडचे लोक जेवणांत घेतात, त्याची इवलीशी बाटली औषधांच्या दुकानांत दिसली. कानांतील मळ मऊ करण्यासाठीं ती ठेवतात. खोबरेल खाण्याचें कीं केंसांचें, हा कराचा वाद आपल्याकडेहि वर्षानुवर्षें चालला होता. लहान बाटलींतील शुद्ध खोबरेल, त्यावर केंसांचें तेल म्हणून छाप नसल्यास, खाद्य तेलच समजावें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२४ च्या डिसेंबरांत दिला. तात्पर्य, वस्तु तीच असते, तिचें फडताळ बदलतें.

तिसरी गोष्ट साबणाची, आणि शाकाहारी घरांनीं ती अवश्य ध्यानांत ठेवावी. वेष्टणावरील बारीक अक्षरें वाचावीं. ‘सोडिअम टॅलोएट’ असें लिहिलें असेल, तर तो साबण गुरामेंढरांच्या चरबीचा. ‘सोडिअम पामेट’ म्हणजे पामतेलाचा आणि ‘सोडिअम कोकोएट’ म्हणजे खोबरेलाचा. हें समजल्यावर सौभाग्यवतीच्या जिवावरचें ओझें उतरलें. तोंवर ती मुकाट्यानें नुसत्या हरभऱ्याच्या पिठावर भागवीत होती. लंडनच्या पाण्यांत चुनखडीचा अंश फार असल्यानें तें जड असतें. त्यांत साबणाला फेस कमी येतो, आणि साबणाचा सांका केंसांवर बसून ते राठ होतात. शिकेकाईचा फेस साबणाच्या जातीचा नसल्यानें तिचा तसा सांका बसत नाहीं. मात्र ती भिजवून, उकळून, फडक्यानें गाळूनच वापरावी. चोथा नळींत गेला, तर नळी तुंबते. हीच शिकेकाई ग्लासगोकडे नेली, तर तेथें साबणहि भरपूर फेसाळतो, कारण तिकडचें पाणी मृदु आहे.

येथें कोणी म्हणेल, साहेबांच्या देशांत शिकेकाईचें हें काय खूळ? त्यांना मी एवढेंच सांगेन कीं, ‘शांपू’ हा इंग्रजी शब्दच मुळीं हिंदींतील ‘चांपना’, म्हणजे अंग चेपणें, यावरून गेलेला आहे. पाटण्यांत १७५९ सालीं जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनीं इंग्लंडांतील ब्रायटन गांवीं स्नानगृह काढून अंग चेपण्याची आपली रीति इंग्रजांना शिकविली आणि चौथ्या जॉर्ज राजाच्या पदरीं ‘शांपूइंग सर्जन’ हा मान मिळविला. तेव्हां आपण तेथें हात पसरून जात आहोंत, असें मानण्याचें कारण नाहीं.

परंतु ओळखीची म्हणून प्रत्येक वस्तु कवटाळून बसावें, असेंहि मी म्हणत नाहीं. माझें लाल दंतमंजन मी तेथेंच सोडलें. तेथें प्रौढांना दहा लक्ष भागांत १३५० ते १५०० भाग फ्लोराइड असलेली पेस्ट दिवसांतून दोनदां वापरावयास सांगतात. त्यानें दांत किडण्यास आळा बसतो, आणि माझ्या मंजनांत तें मुळींच नव्हतें. मशेरीची तर गोष्टच नको. ती भाजलेली तंबाखूच होय. तिनें दांत स्वच्छ होत नाहींत, व्यसन मात्र जडतें. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास आपल्या सरकारनेंहि १९९२ सालीं बंदी केली आहे. वस्तु कोणत्या कामाची, हें आधीं ओळखावें. मग ती न्यावी, तेथें दुसऱ्या नांवानें शोधावी, कीं सोडून द्यावी, हें आपोआप ठरतें.

माझ्या समवयस्कांना माझें सांगणें हें कीं, पोहोंचल्यावर पहिल्या दिवशींच विचारा. आपलीं मुलें लहान असतांना त्यांचें सर्व कांहीं आपणच केलें. त्यांच्यापाशीं लाज कसली? आणि तरुण मंडळींना सांगणें हें कीं, आईबाप यावयाचे असतील, तर भांडें नुसतें ठेवूं नका. “हें तुमच्यासाठीं आहे,” असें तोंडानें सांगा. न बोललेली सोय ही गैरसोयच होय.

गेल्या वर्षीं आम्ही पुन्हां गेलों. सुनेनें दारांतच हंसून म्हटलें, “बाबा, झारी तुमची. नेच्याला पाणी मी घालीन.”