खाडीवरचा अर्धा तास

भाईंदरहून विरारच्या नोकरीसाठी पंचवीस वर्षं लोकलने रोज वसईची खाडी ओलांडली. पण पाणी कधी पाहिलं नाही. डोळे घड्याळावर.

फेब्रुवारी 2024 मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने 30 किलोमीटरहून मोठा वळसा. पाण्यातून 4 किलोमीटरही नाहीत. एका रविवारी आम्ही सगळे निघालो. आईचं माहेर वसईचं. पण घरातूनच उशिरा निघालो नि बोट डोळ्यांदेखत सुटली. मी चरफडलो.

‘‘अरे, आज कुठे मस्टर गाठायचंय? बस जरा,’’ आई म्हणाली.

बसलो. ओहोटीचं पाणी, चिखलात बगळे. दूर पुलावरून लोकल धडधडत गेली. आई आजोबांच्या होडीबद्दल सांगू लागली. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं!

पुढच्या बोटीतून चिमाजी अप्पांच्या फौजेने 1739 साली जिंकलेला किल्ला हळूहळू जवळ येताना पाहिला. ‘‘एवढ्यात पोहोचलो?’’ मुलगा हिरमुसला.

लोकलची धावपळ सुटलेली नाही. पण पूल आला की आता बाहेर पाहतो, आणि घरी आल्यावर चहा घेताना आईजवळ थोडा वेळ बसतो. तिच्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत.