वर्गात एकच फोन

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, वर्गात कोणकोणती ॲप वापरता?" खरं सांगू? सध्या वर्गात एकच फोन असतो, तोही माझा.

मी भूम तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची बरीच घरं ऊसतोडीला जातात. काही पोरं आजीजवळ राहतात, पण फोन बापाबरोबर जातो. 2020 ला शाळा बंद होत्या तेव्हा मी व्हॉट्सॲपवर रोज व्हिडिओ टाकायचो. पालकांचे अंगठे आले की वाटायचं, झाला अभ्यास! मग तिसरीतली एक पोरगी रस्त्यात भेटली. व्हिडिओचं विचारलं तर म्हणाली, "सर, फोन कारखान्यावर हाय."

त्याच वर्षी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि जिकडंतिकडं क्यूआर कोडची हवा झाली. मीही कोड चिकटवले. पण कोड स्कॅन करायला घरी फोन पाहिजे ना! आपल्याच उमरगा तालुक्यातल्या उमेश खोसे सरांना 2021 चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी ऑफलाइन चालणारी ॲप केली. मला ती वाट जास्त जवळची वाटली.

शाळा उघडल्यावर लोकवर्गणीतून टीव्ही आला. पोरं गप्प बसून बघायची. "समजलं का?" "हो सर!" एका सुरात.

मग प्लिकर्स सापडलं. प्रत्येक पोराकडं कागदाचं एक कार्ड. अ, ब, क, ड यातलं जे उत्तर, ती बाजू वर धरायची. मी फोन फिरवला की कुणाचं काय उत्तर ते दिसतं. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याचं बघता येत नाही. (कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड चमकतो, कॅमेरा वाचत नाही. माझे पैसे गेले.) नेट लागतं, पण एकाच फोनला. रेंजसाठी मी खिडकीत उभा राहतो.

पहिलाच प्रश्न होता, चारशे सात कसं लिहाल? अर्ध्या वर्गानं 4007 धरलं. त्यात ती पोरगीही होती, आता चौथीत गेलेली. वर्षभर "हो सर" म्हणत होती ती.

दुसऱ्या दिवशी कार्डं कपाटात ठेवली आणि काड्यांचे शंभराचे गठ्ठे बांधायला घेतले. चार गठ्ठे, सात सुट्ट्या. "मधी दहाचा गठ्ठाच नाही की सर," ती म्हणाली. मग स्वतःच पाटीवर तिथं शून्य काढलं, एकच.

आता कार्डं पंधरा दिवसांनी पुन्हा काढणार आहे. तोवर टीव्हीवर फडकं टाकलंय.