तंजावर : अनेक भाषांचे गाव



आपण यात्रेला जातो. गाडीभर माणसे निघतात. दर्शन घेतात, बाजार करतात आणि परत येतात. घरी कोणी विचारले, "काय काय पाहिलंत?" तर म्हणतात, "देऊळ लई मोठं. गर्दी तर विचारूच नका!" एवढ्यात सगळी यात्रा संपते.

तुम्हाला आता वाचता येते. वाचता येणाऱ्या माणसाने परके गाव कसे पाहावे, हे आज आम्ही सांगणार आहोत. त्यासाठी आम्ही तंजावर शहर निवडले आहे. का निवडले, ते पुढे कळेलच.

तंजावर तामिळनाडूत आहे. चेन्नईहून तेथे रेल्वेने जाता येते. हा कावेरी नदीचा मुलूख. जिकडे पाहावे तिकडे पाण्याचे पाट आणि भाताची शेते. जिथे धान्य भरपूर, तिथे देवळे उभी राहतात, गाणे-बजावणे वाढते. आणि धान्याच्या वासाने राजेही येतात!

तंजावरात असे पुष्कळ आले. त्यांतले तीन मुख्य. आधी तामिळ बोलणारे चोळ राजे. पुढे तेलुगू बोलणारे नायक राजे. आणि 1675 च्या सुमारास मराठी बोलणारे भोसले. व्यंकोजी भोसले हे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून ते तिकडे गेले आणि स्वतःच गादीवर बसले. त्यांच्या घराण्याचे राज्य 1855 पर्यंत टिकले.

आता गावात शिरू या. पहिले पाहायचे ते बृहदीश्वराचे देऊळ. राजराज चोळ राजाने बांधलेले हे देऊळ 1010 साली पुरे झाले. शिखर सुमारे दोनशे फूट उंच. भोवती सगळी सपाट शेते, म्हणजे एवढा दगड दुरून ओढून आणलेला. 1987 साली या देवळाला जागतिक वारशाचा मान मिळाला. पुढ्यात बसलेला भला थोरला नंदी मात्र चोळांचा नव्हे. तो पुढच्या नायकांच्या काळातला.

पण नुसते मान वर करून शिखर बघू नका. जरा खाली, भिंतीकडे बघा. तिथे तामिळ अक्षरे कोरलेली आहेत. देवळाला कोणी काय दिले, याचा तो हिशेब आहे. देवळात नाचगाणे करणाऱ्या चारशे स्त्रियांची नावे त्यात आहेत. कोण कोणत्या घरात राहायची, तिला वर्षाला भात किती, हेसुद्धा लिहिले आहे. कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार यांचीही नोंद आहे. राजाचे नाव दगडावर असतेच हो. पण कामकरी माणसाचा हिशेब हजार वर्षे दगडावर राहिला, हे नवल आहे!

आता बाहेरच्या आवाराच्या भिंतीकडे, नैर्ऋत्य कोपऱ्याकडे चला. आणि काय दिसते पाहा! ओळखीची अक्षरे. आपली बाळबोध अक्षरे, आपली मराठी भाषा. 1803 साली दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास इथे दगडावर कोरून घेतला. तो बाबूराव चिटणीसांनी लिहिला. भाषा जुनी आहे. सगळी कळणार नाही. पण सावकाश बोट ठेवून वाचाल तर नावे लागतील. तामिळ मुलखात एक भिंत तुमच्याशी मराठीत बोलू लागेल.

इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या. नायक आले, त्यांनी चोळांचे देऊळ मोडले नाही, नंदी बसवला. भोसले आले, त्यांनी तामिळ लेख पुसले नाहीत, आपला लेख वेगळ्या जागी कोरला. म्हणून आज एकाच देवळात तिघांची खूण सापडते.

देवळाजवळ शिवगंगा नावाचे तळे आहे. तिथे एक जुने चर्च आहे, 1779 सालचे. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याचे. सरफोजी लहान असताना राजवाड्यात भाऊबंदकी माजली होती. तेव्हा या पाद्र्याने त्यांचा सांभाळ केला आणि त्यांना शिकवले. 1798 साली श्वार्ट्झ वारले. राजांनी इंग्लंडातल्या फ्लॅक्समन नावाच्या कारागिराकडून संगमरवरी शिल्प करून घेतले. मरणाच्या बिछान्यावर पाद्री आहेत आणि शेजारी राजा उभा आहे. राजाने आपला धर्म सोडला नाही आणि गुरूचे उपकारही विसरले नाहीत.

पूर्वेला समुद्रकाठी नागोर म्हणून गाव आहे. तिथल्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला. आणि तंजावरच्या उत्तरेला, कावेरीच्या काठी, तिरुवैयारू आहे. तिथे संत त्यागराज राहत. गाव तामिळ, राजा मराठी, आणि त्यागराजांची भजने तेलुगू! 1847 साली ते वारले. आजही दरवर्षी पुण्यतिथीला शेकडो गवई तिथे जमतात आणि एका सुरात गातात.

आपल्याकडचे कीर्तनही तिकडे गेले. तिकडे त्याला हरिकथा म्हणतात. हरिदास तामिळमध्ये कथा सांगतो, पण साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे आणि चाली आपल्याच. भोसल्यांतल्या शहाजी राजांनी तर पाच भाषांचे एक नाटक लिहिले. संस्कृत, तामिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी, सगळ्या एकाच रंगभूमीवर!

आता राजवाड्यात जाऊ. तो नायकांनी बांधला, भोसल्यांनी वाढवला. तिथे चोळांच्या काळच्या सुंदर पंचधातूच्या मूर्ती मांडल्या आहेत. पण आम्ही तुम्हाला आधी सरस्वती महालात नेऊ. सरस्वती महाल म्हणजे ग्रंथालय. नायकांच्या वेळी सुरू झालेले, सरफोजींनी भरभराटीला आणलेले. संस्कृत, तामिळ, तेलुगू, मराठी अशा चाळीस हजारांहून जास्त हस्तलिखित पोथ्या तिथे आहेत. पुष्कळशा ताडपत्रावर आहेत. मराठी पोथ्याच तीन हजारांच्या आसपास!

हे कोणत्या राजाने केले? 1799 साली इंग्रजांनी ज्याचा मुलूख काढून घेतला त्याने. हाती उरला किल्ला आणि वर्षाची नेमणूक. दुसरा कोणी रडत बसला असता. सरफोजींनी काशीयात्रेत पोथ्या मिळवल्या, वाड्यात छापखाना घातला. 1806 साली त्या छापखान्यातून 'बाळबोध मुक्तावळी' निघाली. इसापच्या गोष्टींचे हे मराठी पुस्तक. राज्य गेले, फौज गेली. पुस्तके राहिली.

पण एक खंत सांगितली पाहिजे. त्याच ग्रंथालयात मोडी लिपीतल्या मराठी कागदांचे शेकडो गठ्ठे आहेत. दरबारचा रोजचा कारभार त्यांत आहे. मोडी वाचणारी माणसे मात्र आता फार थोडी उरली आहेत. कागद जपून ठेवला, तरी वाचणारा नसेल तर तो मुका होतो. तुमच्या घरी माळ्यावर आज्याच्या वेळचे मोडी कागद असतील, तर ते रद्दीत घालू नका. जाणत्या माणसाला दाखवा. आणि घरातल्या एखाद्या पोराला मोडी शिकायची हौस असली, तर त्याला "काय उपयोग?" असे विचारू नका.

शेवटी एक मागणे. जुन्या देवळांवर, किल्ल्यांवर लोक खिळ्याने आपले नाव कोरतात. नाव लिहिता येणाराच हे करतो! ज्याला अक्षर येत नव्हते त्याने ही भिंत कधी खराब केली नाही. आपण अक्षर शिकलो ते भिंत वाचायला, खरवडायला नव्हे. तंजावरला आलेल्या प्रत्येकाने जागा धरून आपले अक्षर लिहिले, दुसऱ्याचे पुसले नाही. तुम्ही कुठेही जा, रायगडावर जा, पैठणला जा, नाही तर तंजावरला जा. भिंत दिसली की थांबा. बोट ठेवा, वाचा. आणि जशी होती तशीच मागच्या माणसासाठी ठेवून या.