पाहुण्याला पुणे दाखवताना

(लवळे येथे विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मध्यंतरी नागपूरचे एक स्नेही शनिवार-रविवार आमच्याकडे लवळ्याला मुक्कामी होते. पुणे दाखवा, म्हणाले. पुणे म्हटले की शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग हा ठरलेला क्रम. आम्ही ठरवले, शहर तेच, पण वाट आपली धरायची.

शनिवारवाडा आम्ही टाळला नाही. १७३० साली त्याचा पाया घातला गेला आणि १८२८ च्या आगीत आतली वास्तू जळाली, हे सांगितले. त्याचबरोबर याच पुण्यात पेशवाईत अस्पृश्याला गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये नोंदवले आहे, तेही सांगितले.

तेथून जवळच बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती येथे. राष्ट्रीय स्मारकासाठी जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. वास्तू गेली, म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी वाढली. फुल्यांच्या शाळेतील मातंग समाजाच्या मुक्ता साळवे हिने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आपल्या मुलींपैकी किती जणींना हे नाव ठाऊक आहे?

पुढे फुलेवाडा. जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद आणि त्यांची समाधी पाहून पाहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. पर्वतीच्या पायऱ्या चढताना आम्ही १९२९ च्या मंदिर प्रवेश सत्याग्रहाची आणि शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांची आठवण दिली. संध्याकाळी सेनापती बापट मार्गावरील सिम्बायोसिसचे डॉ. आंबेडकर संग्रहालय पाहिले. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तेथे आहेत. त्यांचे व्हायोलिनही आहे.

रविवारी देहूरोडच्या बुद्धविहारात वंदना केली. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. नागपूरच्या माणसाला हे ऐकून विशेष आनंद झाला. तेथून कार्ल्याला गेलो. तेथील चैत्यगृह एकट्या राजाच्या खजिन्यातून उभे राहिलेले नाही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त, सामी नावाचा सुतार, काही यवन, अशा अनेकांची नावे तेथील शिलालेखांत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी धम्माच्या कामात सुताराचे नाव श्रेष्ठीच्या नावाबरोबर कोरले गेले. समता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

मित्रहो, आपल्या लवळ्याच्या टेकडीवर आज विद्यापीठ आहे. देशभरातून विद्यार्थी येतात, त्यांचे आईवडील भेटीला येतात आणि पुण्यात काय पाहावे, असे विचारतात. उत्तर आपल्याजवळ तयार हवे. आपण सांगितले नाही, तर पाहुणा अर्धेच पुणे पाहून परत जाईल, आणि आपली मुलेही तेवढेच पुणे खरे मानतील.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. वर्षातून दोन दिवस काढा. वही बरोबर घ्या, साल आणि नावे टिपून ठेवा, घरी आल्यावर आजीला व धाकट्या भावंडांना वाचून दाखवा. बाबासाहेबांनी शिकण्यास सांगितले, त्यात आपला इतिहास पायी फिरून शिकणेही आले.

नमो बुद्धाय! जय भीम!