रयतमाऊली लक्ष्मीबाई

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



आजच्या मंगलप्रसंगी एका कुटुंबमातेचे पुण्यस्मरण करावे, असे मनात आले. त्या माता म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई. कर्मवीरांचा जन्म 1887 साली कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि 1924 मध्ये संस्था साताऱ्यास आणली. हा इतिहास आपणांस ज्ञात आहे. परंतु त्या वसतिगृहाची चूल कोणी पेटती ठेवली, हे आपण क्वचितच विचारतो.

वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची गोरगरीब मुले एका पंक्तीस बसत. त्या काळी एखाद्या खानदानी घरातील स्त्रीला ही गोष्ट सोपी नव्हती. आपल्या स्वयंपाकघरांतील शुचितेचे नियम किती कडक होते, हे येथील ज्येष्ठ भगिनींना सांगावयास नको. लक्ष्मीबाईंनी मात्र परक्यांच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे जवळ घेतले. जीवमात्राविषयी मैत्रीभाव आपण रोज सामायिकात चिंततो; त्यांनी तो ताटात वाढला.

अण्णा संस्थेसाठी सतत फिरतीवर असत. वसतिगृहाची मिळकत तुटपुंजी आणि जेवणारी तोंडे वाढती. एकेक करून लक्ष्मीबाईंचे माहेरचे व सासरचे दागिने विकले गेले. अखेर मुलांसाठी धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. ही हकीकत साताऱ्याकडील घराघरांत आजही डोळ्यांत पाणी आणून सांगितली जाते.

बंधु-भगिनींनो, मंगळसूत्र हा केवळ दागिना नव्हे, ते सौभाग्याचे लेणे आहे. ते देण्यापूर्वी कोणती घालमेल त्यांच्या मनात झाली असेल! आपण परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतो, तेव्हा काय राखावयाचे याची मर्यादा ठरवितो. या माउलीने स्वतःसाठी काहीच राखले नाही. आहारदान आणि ज्ञानदान ही आपल्याकडे दोन वेगळी दाने मानली आहेत. त्यांच्या हातून मात्र दिलेला घासच विद्या झाला.

1930 साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. 1940 साली सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल त्यांनी पाहिले नाही. 1947 साली साताऱ्यात उभे राहिलेले छत्रपती शिवाजी कॉलेजही त्यांनी पाहिले नाही. जिच्या दागिन्यांवर पाया भरला गेला, तिला कळस दिसला नाही. लोकांनी मात्र त्यांना ‘रयतमाऊली’ म्हटले. याहून मोठी पदवी कोणती?

आता थोडे आपल्याविषयी. अशा स्मरणिकांतून देणगीदारांच्या याद्या छापल्या जातात, त्यांत बहुतेक नावे पुरुषांची असतात. त्या देणग्यांमागे किती पाटल्या, किती बांगड्या आणि किती जणींच्या संसारातील काटकसर आहे, याची नोंद कोठेही नसते. माझी नम्र विनंती आहे की, पुढील काळात पावती फाडताना घरातील मातेचेही नाव त्यावर लिहावे. तसेच आज घरी गेल्यावर तरुणांनी आपल्या आजीजवळ बसून, तिचा कोणता दागिना कोणाच्या शिक्षणासाठी गेला, हे विचारावे. उत्तर देणारी आजी घरात आहे, तोवरच ही विचारपूस होऊ शकते.

रयतमाउलीच्या आणि आपल्या घराघरांतील अशा सर्व मातांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी माझे मनोगत संपवितो.

जय जिनेंद्र!